तिथी, मिती, तारीख : रकान्याला नाव कोणतं द्यायचं?

प्रश्न असा आला आहे : मराठेशाहीतल्या घटनांचा डेटाबेस तयार होतो आहे. काळाच्या रकान्याला ‘तिथी’ म्हणावं, ‘मिती’ म्हणावं की ‘तारीख’? कोशात तिन्ही शब्द एकमेकांच्या अर्थात दिलेले आढळतात, मग एक ठेवून बाकीचे दोन गाळले तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. हे तीन शब्द आपण बोलतानासुद्धा एकमेकांच्या जागी घालत नाही. श्राद्ध तिथीला होतं, कोर्टात तारीख पडते आणि हुंडीवर मिती असते. तिथी ही पंचांगातून बघायची गोष्ट आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते, मग ती भर दुपारी संपो किंवा मध्यरात्री. मिती हा लिहिणाऱ्याचा शब्द. ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून आलेला, पत्रात आणि हिशेबात रुळलेला, व्याजाच्या मितीकाट्यातही तोच. लिहिणाऱ्याने कागदावर जो काळ घातला ती मिती. तारीख अरबीतून फारसीमार्गे आली. तिचं अनेकवचन तवारीख, म्हणजे इतिहास. मराठीत आज तारीख म्हटलं की इंग्रजी महिन्यातला दिवसच डोळ्यांपुढे येतो, आणि जुन्या घटनेच्या बाबतीत तो दिवस बहुतेक वेळा कोणीतरी गणिताने काढलेला असतो.

म्हणून उत्तर : तीन शब्द, तीन रकाने. मितीच्या रकान्यात कागदावर आहे ते अक्षरशः उतरायचं. तिथीच्या रकान्यात शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी आणि वार असं सोडवून लिहायचं. तारखेच्या रकान्यात रूपांतर, आणि त्याच्या शेजारी ते कोणत्या जंत्रीवरून, म्हणजे तिथी-तारखांच्या तक्त्यावरून, केलं हेही. मिती कधीही दुरुस्त करायची नाही. ती चुकलेली असली तरी ती चूक कागदाची आहे आणि पुढच्या अभ्यासकाला ती दिसली पाहिजे.

असं का, ते शिवराज्याभिषेकाच्या नोंदीवरून चांगलं कळतं. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार घटनांच्या यादीत, शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार अशी मिती आहे. पुढे घटी २१ पळे ३४ असे आकडे आहेत आणि तीन घटिका रात्र उरली असता महाराज सिंहासनी बसले असं म्हटलं आहे. आपण मात्र राज्याभिषेकाची तिथी ज्येष्ठ शुद्ध १३ मानतो आणि तारीख ६ जून १६७४. त्या ६ जूनचा वार काढला तर शनिवार येतो. म्हणजे तिथीत एकाचा फरक आणि वारातही एकाचा. घाईने बघणारा म्हणेल, शकावली चुकली.

ती चुकलेली नाही. आपल्याकडे वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरतात आणि सूर्योदयाला जी तिथी असेल तीच त्या दिवसाला देतात. शुक्रवारी सूर्योदयाला द्वादशी होती, म्हणून मिती द्वादशीची. ती २१ घटी ३४ पळांना संपली. घटी २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचं धरलं, तर सूर्योदयानंतर साधारण साडेआठ तासांनी त्रयोदशी लागली. तीन घटिका रात्र उरली म्हणजे पुढच्या सूर्योदयाला ७२ मिनिटं बाकी. त्या क्षणी तिथी त्रयोदशी होती, वार आपल्या रीतीने अजून शुक्रवारच होता, आणि मध्यरात्रीला दिवस बदलणाऱ्या इंग्रजी रीतीने शनिवार उजाडला होता. तिन्ही रकाने आपापल्या जागी बरोबर आहेत. रकाना एकच असता तर यातल्या दोन गोष्टी कोणीतरी ‘शुद्धलेखन’ समजून पुसल्या असत्या. रात्रीच्या आणि पहाटेच्या घटनांसाठी म्हणूनच ‘प्रहर/घटिका’ असा आणखी एक छोटा रकाना ठेवावा. हिजरी दिवस तर सूर्यास्तालाच बदलतो, त्यामुळे रात्रीच्या छाप्याची मुसलमानी तारीख एकाने पुढे गेलेली सापडली तर दचकू नये.

आता खुद्द ‘तारीख’ या शब्दाकडे. ६ जून १६७४ ही ज्युलियन, म्हणजे जुन्या पद्धतीची तारीख आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १६ जून. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा ज्युलियनच, ग्रेगोरियनप्रमाणे १ मार्च. आपल्या इतिहासलेखनात सतराव्या शतकासाठी ज्युलियन तारखा रूढ झाल्या, कारण इंग्रजांच्या वखारींचे कागद त्याच पद्धतीचे. इंग्रजांनी नवी पद्धत १७५२ मध्ये घेतली, तेव्हा २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर झाला. पोर्तुगीज तर १५८२ पासूनच नव्या पद्धतीवर होते. त्यामुळे गोव्याचा कागद आणि सुरतेचा कागद एकाच दिवसाबद्दल बोलत असूनही सतराव्या शतकात १० दिवसांनी आणि १७०० नंतर ११ दिवसांनी वेगळे दिसतात. वसईच्या शरणागतीचा करार कुठे ५ मे १७३९ आणि कुठे १६ मे १७३९ असा सापडतो तो याच कारणाने. डेटाबेसात या दोन तारखा दोन घटना म्हणून पडल्या, तर वसई दोनदा घेतली गेली असं यादीत दिसेल.

इंग्रज कागदांत आणखी एक खाच आहे. १७५२ पर्यंत त्यांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ ची, पण वखारीच्या हिशेबाने ते वर्ष अजून १६६३ च होतं. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या प्रत्येक इंग्रजी पत्राचं साल म्हणून तपासून घ्यावं. छापील संपादनात ‘१६६३/६४’ असं जोडसाल दिसलं तर तेच मितीच्या रकान्यात ठेवावं.

‘तारीख’ रकान्याला त्यामुळे नुसतं तारीख म्हणून भागत नाही. ‘तारीख (जुनी)’ आणि ‘तारीख (नवी)’ असे दोन रकाने करावेत. ‘दिनांक’ हा शब्द सरकारी अर्जावर ठीक आहे, इथे त्याने काही स्पष्ट होत नाही. संगणक प्रणाली बहुधा सगळ्या तारखा ग्रेगोरियन समजतात. ६ जून १६७४ तशीच भरून वार विचारला, तर उत्तर बुधवार येईल आणि मूळ कागदच खोटा वाटायला लागेल. एक्सेलमध्ये तर १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख, तारीख म्हणून धरलीच जात नाही. ती नुसता मजकूर होऊन पडते आणि क्रम लावायला गेलं की दिवसाच्या आकड्यावरून लागते. म्हणून वर्ष आधी, मग महिना, मग दिवस : १६७४-०६-१६. आकडेही सगळीकडे एकाच लिपीतले हवेत, नाहीतर शोधात अर्ध्या नोंदी सापडतच नाहीत.

पडताळ्यासाठी सगळ्यात भरवशाचा म्हणजे ज्युलियन दिवसक्रमांक. नावाने गोंधळू नये, ज्युलियन तारखेशी त्याचा संबंध नाही. ही दिवसांची सलग मोजणी आहे. राज्याभिषेकाचा क्रमांक २३३२६४३ येतो. त्याला ७ ने भागून बाकी ० आली तर सोमवार, १ आली तर मंगळवार, अशा रीतीने ५ म्हणजे शनिवार. कागदावरचा वार आणि हा वार जुळला तर रूपांतर बहुधा बरोबर आहे. एका दिवसाने हुकला तर आधी रात्रीची वेळ तपासा. दोन-तीन दिवसांनी हुकला तर मास, पक्ष किंवा शक यांतलं काहीतरी चुकीचं वाचलं गेलं आहे.

पक्षावरून आठवलं. ‘वद्य’ आणि ‘वदी’ यांना एकच समजून महिन्याचं नाव जसंच्या तसं उचलू नये. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिना तोच, पण आपला श्रावण वद्य म्हणजे राजस्थानी पत्रातला भादवा (भाद्रपद) वदी. आग्र्याहून सुटकेची मिती आपल्या शकावलीत श्रावण वद्य १२ शके १५८८ अशी आहे. राजस्थानी पत्रांशी ती ताडून पाहताना महिन्याचं नाव पुढचं निघणार हे धरूनच चालावं. शकाचं इसवी सन करताना चैत्र ते डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे आणि पुढे फाल्गुन संपेपर्यंत ७९. शिवजन्माचा शके १५५१ फाल्गुनातला, म्हणून १६३०. सरसकट ७८ मिळवणाऱ्यांकडून पौष, माघ आणि फाल्गुनातल्या बऱ्याच घटना एका वर्षाने मागे गेलेल्या आहेत.

मितीच्या रकान्यात सर्वांत जास्त चुका सुहूर सनात, म्हणजे मराठी दफ्तरात चालणाऱ्या एका वेगळ्या सौर सनात, होतात. मराठी पत्रात पुष्कळदा ‘छ’ लिहून हिजरी महिन्याचा दिवस येतो आणि पुढे वर्ष अरबी शब्दांत. ते वर्ष मात्र हिजरी नसतं, सुहूर असतं, आणि ते मृगाला बदलतं. ‘इहिदे सितैन मया अलफ’ याचा हिशेब एकंपासून चढत्या क्रमाने : १ + ६० + १०० + १००० = ११६१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतच्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ ला, हेच सुहूर वर्ष आणि जमादिलाखर महिना चालू होता. आता कोणी जमादिलाखर बघून ११६१ हा आकडा हिजरीच्या रूपांतरात घातला, तर उत्तर येईल १७४८. खरं हिजरी वर्ष ११७४. तेरा वर्षांची चूक, आणि तीही अशी की संगणक कुठेच अडवत नाही. सबा (७) आणि सबैन (७०), समान (८) आणि समानीन (८०), तिसा (९) आणि तिसैन (९०) या जोड्या मोडीत झरझर वाचताना हमखास फसवतात. महसुलाच्या हिशेबातला फसली सन असेल तर दख्खनच्या हिशेबाने ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, सुहूरपेक्षा ९ कमी.

पानिपतच्याच नोंदीत ‘मकरसंक्रांतीच्या दिवशी’ असं घालायचा मोह होतो. त्या दिवशी पौष शुद्ध ८ शके १६८२, बुधवार होता, आणि संक्रांत चारेक दिवस आधीच होऊन गेली होती. संक्रांत ग्रेगोरियन तारखांमध्ये दर सत्तरेक वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. १४ जानेवारीची संक्रांत ही आपल्या काळाची सवय आहे, ती अठराव्या शतकात मागे नेता येत नाही.

आणखी एक शब्द या डेटाबेसात हवाच : पैवस्ती. पत्र पोचल्याचा दिवस. पेशवेकालीन पत्रांवर तो वेगळा घातलेला असतो. एका पत्रात म्हणून तीन काळ असू शकतात : लढाई झाली तो, पत्र लिहिलं तो आणि पुण्यास पोचलं तो. ‘मिती’ हा मधला. घटनेचा दिवस पत्राच्या मजकुरातून काढावा लागतो, ‘काल’, ‘परवा मंदवारी’, ‘तिसरे दिवशी’ अशा शब्दांवरून. मंदवार म्हणजे शनिवार. नुसती मिती उचलून घटनेला चिकटवली, तर लांबच्या मुलखातली प्रत्येक लढाई काही दिवस उशिरा झालेली दिसेल.

यातूनच ‘घटना’ आणि ‘नोंद’ यांचाही फरक लक्षात येतो. शिवजन्म ही घटना एक. वैशाख शुद्ध २ शके १५४९ ही एक नोंद आणि फाल्गुन वद्य ३ शके १५५१ ही दुसरी. दुसरीला जेधे शकावली आणि शिवभारत असे दोन आधार आहेत आणि आज तीच मान्य आहे. तरी पहिली पुसायची नाही. तिला आपली ओळ, आपला आधार आणि ‘अमान्य’ असा शेरा द्यायचा. पुसली, तर जुन्या पुस्तकात १६२७ वाचलेला माणूस पुन्हा तीच नवी म्हणून भरेल.

अनिश्चित काळासाठी ‘सुमारे’ आणि ‘अंदाजे’ यांत सरमिसळ नको. कागदात काळ ढोबळ दिला असेल तर ‘सुमारे’, आणि आपण इतर पुराव्यावरून ठरवला असेल तर ‘अंदाजे’, असा नेम पहिल्याच दिवशी ठरवून रकान्याच्या माथ्यावर लिहून ठेवावा. दिवस माहीत नसेल तर तो कोरा ठेवावा. महिन्याची १ तारीख भरून वेळ मारून नेली, की वर्षभराने ती खरी तारीख म्हणून कुठेतरी छापून येते.