आधी वंशावळ, मग एक्सोम

सोलापूर

चि.,
अनेक आशीर्वाद.

जेनेटिक्समध्ये एम.एस्सी. करून तू सोलापुरातच समुपदेशनाचं काम सुरू करणार, हे कळलं. छान केलंस. विचारलं आहेस म्हणून चार गोष्टी लिहितो.

२००३ साली मानवी जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, वाचण्याचा प्रकल्प पुरा झाला तोवर त्यावर सुमारे तीन अब्ज डॉलर खर्ची पडले होते. आज एका माणसाचा जीनोम हजार डॉलरच्या आत वाचून होतो. लॅबचा प्रत्येक प्रतिनिधी तुला हे ऐकवेल. पण स्वस्त झालं आहे ते फक्त वाचन. कुणाचं काय वाचायचं आणि निघालेल्याचा अर्थ काय लावायचा, हे काम अजून महागच आहे. आणि तुझ्याकडे लोक येणार ते त्यासाठीच.

पहिली तपासणी फुकट आहे: वंशावळ. कागदावर तीन पिढ्या काढ. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ, रुग्णाकडे बाण. गर्भपात आणि दगावलेली मुलंही वयासकट लिही, ती कुणी आपणहून सांगत नाही. ‘नात्यात लग्न झालंय का?’ असं थेट विचारलंस तर अनेकदा ‘नाही’ येईल, कारण मामाची मुलगी करणं ही इथली रीतच आहे. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं घरच्यांना वाटत नाही. त्यापेक्षा ‘तुमचं आजोळ कुठलं? सासूबाईंचं माहेर कुठलं?’ असं विचार. दोन गावं जुळली की पुढचं आपोआप निघतं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू आणि अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत मामा-भाचीचं लग्नही भेटू शकेल. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता आते-मामे भावंडांच्या मुलात १/१६, मामा-भाचीच्या मुलात १/८. मात्र हे सांगताना कुणाला दरडावू नकोस. कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोषाचा धोका २ ते ३ टक्के असतोच. आते-मामे भावंडांच्या बाबतीत त्यात साधारण तेवढीच भर पडते. बहुतेक मुलं धडधाकटच जन्मतात.

नातं नसलं तरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजात लग्नं होत आली की जनुकांतले काही बदल त्या समाजात साठतात. आर्य वैश्य समाजात ब्युटिरिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमची कमतरता इतरांहून कितीतरी जास्त आढळते. अशा माणसाला भूल देताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध दिलं, तर काही मिनिटांत उतरायला हवा तो स्नायूंचा लुळेपणा तासन्‌तास टिकतो, आणि रुग्णाला तेवढा वेळ व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. यावर उपाय म्हणजे अनेक जनुकं एकदम तपासणारा कुठला महागडा पॅनेल नाही. ‘घरात कुणाला ऑपरेशननंतर श्वास घ्यायला उशीर झाला होता का?’ एवढा प्रश्न, आणि संशय आला तर रक्तातल्या कोलिनएस्टरेजची साधी तपासणी. व्यक्तीनुसार औषध म्हणतात ते हेच, आणि ते आपल्या सिव्हिलमध्येही करता येतं.

सगळ्यात जास्त फायदा तुला थॅलेसेमियात दिसेल, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजारात. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीत, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) कमी आणि लाल पेशींची संख्या त्या मानाने जास्त असेल, तर एचपीएलसी कर, त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजले जातात. त्यांतला एचबी-ए२ हा प्रकार चार टक्क्यांच्या वर असेल तर वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट, पण सदोष जनुक मुलांना देऊ शकणारा. साडेतीन ते चारच्या मधलं घुटमळणारं असतं. लोह कमी असेल तर एचबी-ए२ खाली ओढलं जातं आणि वाहक निसटतो, म्हणून लोह भरून पुन्हा तपास. बाई गरोदर असेल तर मात्र थांबू नकोस, त्याच दिवशी नवऱ्याचं रक्त घे. दोघं वाहक निघाले तर आधी दोघांतला बदल शोधायचा (भारतात बीटा थॅलेसेमियाचे पाचच बदल बहुतांश घरं व्यापतात), मग ११ ते १३ आठवड्यांत गर्भाच्या वारेचा नमुना. हे सगळं पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदणी असलेल्या ठिकाणीच. ज्या मुलाला नुकतं रक्त चढवलं आहे त्याच्या एचपीएलसीत दात्याचं हिमोग्लोबिन दिसतं. तिथे आई-वडिलांना तपास. आणि दोघं वाहक असले की मुलाला आजार होण्याचा धोका २५ टक्के. त्यावर ‘एक झालं, आता पुढची तीन सुटली’ असा हिशोब लोक घालतात. धोका प्रत्येक खेपेला नव्याने तेवढाच असतो, हे दोनदा सांग आणि त्यांच्याकडून वदवून घे.

एक्सोमची, म्हणजे जनुकांतला प्रथिनं घडवणारा भाग वाचणाऱ्या तपासणीची, घाई नको. जीनोमचा १ ते २ टक्के भागच त्यात वाचला जातो. डुशेनचा (मुलांचे स्नायू झिजवणाऱ्या आजाराचा) संशय असेल तर आधी एमएलपीए, ही जनुकाचे तुकडे मोजणारी तपासणी, कारण बहुतेक मुलांत एक्सॉनच, म्हणजे जनुकाचे तुकडेच, गळालेले असतात किंवा दुप्पट झालेले असतात. एसएमएला (मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरून स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराला) एसएमएन१ जनुकाची वेगळी तपासणी, डाउन सिंड्रोमला कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी. फ्रॅजाइल एक्ससारखे, डीएनएचा छोटा तुकडा पुन्हापुन्हा वाढत गेल्याने होणारे आजार साध्या एक्सोमला दिसतच नाहीत, आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन घरचे निर्धास्त होतात.

आता नमुना. डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणारी ईडीटीए ट्यूब, ३ मिली, आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी. कॅरिओटाइपसाठी हिरव्या टोपणाची हेपरिन, कारण तिथे पेशी जिवंत लागतात. अदलाबदल केलीस तर हेपरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडवतं. रक्त फ्रीझरमध्ये ठेवू नकोस, गोठवलेला जेल पॅक ट्यूबला चिकटू देऊ नकोस, आणि शनिवारी दुपारी कुरिअर करू नकोस. मे महिन्यातल्या सोलापूरच्या गोदामात रविवार काढलेला नमुना वाया गेलाच समज. बाळ अत्यवस्थ असेल तर निदान ठरायच्या आधीच २ मिली ईडीटीए रक्त घेऊन डीएनए काढून ठेव. पुढच्या गरोदरपणात घरच्यांना त्याचाच आधार असतो.

कॅन्सरच्या गाठीचं गणित वेगळं. गाठीच्या दसपट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन, ६ ते ७२ तास. नळाच्या पाण्यात पातळ केलेल्या फॉर्मेलिनमध्ये आठवडाभर पडलेल्या तुकड्यातला डीएनए तुटून जातो. हाड आम्लात मऊ केलं असेल तर ईजीएफआर (कॅन्सरचं औषध निवडताना बघतात ते जनुक) तपासायला काही उरत नाही. हे पॅथॉलॉजिस्टशी आधी बोलून ठेव, गाठीचा मेणातला ब्लॉक तयार झाल्यावर बोलून उपयोग नाही.

रिपोर्टमध्ये ‘व्हीयूएस’ दिसेल, म्हणजे अर्थ न लागलेला बदल. त्याच्या जोरावर ऑपरेशन नको, गर्भपात नको, लग्न मोडणं तर मुळीच नको. आई-वडिलांत तो आहे का बघ, आणि सापडलेल्या सगळ्या बदलांची यादी असलेली व्हीसीएफ फाइल मागून घे. दोन वर्षांनी नवं रक्त न घेता तीच पुन्हा तपासता येते. बदलाचा अर्थ लावायचे जगातले डेटाबेस बरेचसे युरोपीय वंशाच्या लोकांवर उभे आहेत, म्हणून आपल्याकडचे बदल त्यांवरून जोखताना जपून. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी३ जनुकातली डीएनएच्या २५ अक्षरांची गळती सुमारे ४ टक्के भारतीयांत असते. तिने हृदयविकाराचा धोका वाढतो हे खरं, पण ती असलेले पुष्कळ जण ठणठणीत असतात. जीनोम इंडिया या आपल्या राष्ट्रीय प्रकल्पाने ८३ समाजगटांतल्या दहा हजार लोकांचे जीनोम वाचले आहेत, ही चांगली सुरुवात. पण तुझ्यासमोर बसलेलं घर त्यांत असेलच असं नाही.

निदान झालं म्हणजे उपचार परवडला असं होत नाही. एसएमएच्या जीन थेरपीची किंमत २०१९ साली अमेरिकेत एकवीस लाख डॉलरच्या वर लावली गेली. आपल्याकडे दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, ती ठरावीक केंद्रांतूनच. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांतलं एक. औषध मिळण्याची शक्यता आणि खर्चाचा आकडा, दोन्ही तपासणीआधी सांग.

पैशांत न मोजता येणारा खर्च बहुतेकदा सुनेच्या वाट्याला येतो. दोघं वाहक असले तरी बोट तिच्याकडेच जातं. म्हणून नवरा-बायकोचं रक्त एकाच दिवशी घे, रिपोर्ट दोघांना एकत्र आणि दार लावून दे. तेलुगू आणि कन्नड कामापुरतं तरी शीक. तोवर बाहेरचा दुभाषा ठेव. सासूबाईंना दुभाषी केलंस तर सुनेपर्यंत काय पोचलं, ते तुला कधीच कळणार नाही.

कळावे.