पीसीएम घेण्याआधी पहाटेचं तापमान बघा

अकोल्यात वरच्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगवर पीसीएमच्या (फेज चेंज मटेरियल, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळणारा-गोठणारा पदार्थ) पिशव्या टाकाव्यात का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि आमचं नागपूरचं घर आठवलं. वितळताना हे मटेरियल उष्णता पितं आणि गोठताना सोडतं, एवढं तुम्हाला ठाऊक आहेच.

आमच्या गळ्यात मारलेला माल २३ अंशांना वितळणारा होता. मार्चमध्ये खोली खरंच गार राहिली. अर्धा एप्रिल सरला आणि सगळं ठप्प. पहाटे टाइल सरकवून पिशवी दाबली, तर खडीसाखरेसारखी टणक लागायच्या ऐवजी आत नुसतं पाणी डुचमळत होतं. विदर्भात मे महिन्यात बाहेरचं किमान तापमानच २८ अंशांच्या आसपास, त्यात स्लॅब रात्रभर तापलेला. रात्री गोठलंच नाही तर दिवसा वितळणार काय?

पुरवठादाराच्या तांत्रिक विभागाने उत्तर म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल धाडला. माल २३ ला वितळतो, हे सिद्ध आहे म्हणे. अहो, वितळतो याबद्दल तक्रारच नव्हती! गोठतो किती अंशांना, असं विचारलं तर ‘साइटच्या हवामानाची जबाबदारी आमची नाही’. हवामानाला प्रतिसाद देणारं म्हणून विकायचं आणि हवामानाचं नाव काढलं की हात वर करायचे. अजून संताप होतो.

तेव्हा वितळण्याचा आणि गोठण्याचा, असे दोन्ही आकडे लेखी घ्या. क्षारांपासून केलेल्या पीसीएममध्ये गोठण्याचा आकडा बराच खाली असू शकतो. कॅल्शियम क्लोराईड हेक्झाहायड्रेट २९ अंशांना वितळतं आणि किलोमागे साधारण १९० किलोज्यूल उष्णता घेतं. म्हणजे चौरस मीटरला ५ किलो टाकलं तर विजेच्या हिशेबात जेमतेम पाव युनिट उष्णता. तेही रोज रात्री पुरतं गोठलं तरच. आमच्याकडे आता तेच आहे आणि रात्री कूलरची हवा सीलिंगच्या वरून फिरवतो. कोरड्या उन्हाळ्यात जमतं, पावसाळ्यात शून्य उपयोग. जिप्समच्या टाइल असतील तर ओलीने पोक काढतील, तेही बघा.

मी आर्किटेक्ट नाही, पण माझं स्पष्ट मत: आधी स्लॅबच्या वरून इन्सुलेशन आणि पांढरा परावर्तक थर, उरले पैसे तर पीसीएम. इको निवास संहिता २०१८ मध्ये (घरांसाठीची ऊर्जाबचतीची सरकारी संहिता) छताच्या यू-व्हॅल्यूची, म्हणजे छतातून उष्णता किती झिरपते त्या आकड्याची, मर्यादा १.२ आहे. उघडा आरसीसी स्लॅब त्याच्या दुपटीच्याही वर जातो. तिथेच हरलात तर पिशव्या काय करणार? पुण्या-नाशकाकडे रात्री पारा उतरतो, तिथलं गणित वेगळं.

आणि पॅराफिनवालं (मेणाचं) पीसीएम घेणार असाल तर ते पेट घेतं, वायरिंगजवळ नको. क्षारवालं गळलं की लोखंड खातं. इलेक्ट्रिशियनला ड्रिल मारण्याआधी पिशव्या कुठे आहेत ते दाखवा, आमच्याकडे पंख्याच्या हुकाला अजून गंज आहे.