निवृत्तीनंतर पहिला खर्च बुटांचा करा

भाऊ, निवृत्त झालात आणि इथे इंदूरच्या नेहरू पार्कात फिरायला येऊ लागलात, फार बरं वाटलं. आधी धड बूट घ्या, चपलेवर फिरू नका. या वयात घसरून खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, फिजिओथेरपी, घरी माणूस, सगळं एकदम अंगावर येतं.

म्हणून नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम. हा दुसरा भाग जवळजवळ सगळेच टाळतात, याचं मला वाईट वाटतं. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, हाताचा आधार न घेता, सावकाश उठा-बसा. ओट्याला धरून एका पायावर उभे राहा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

बी.पी. घरी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा; चहा घेतल्या घेतल्या नको. आकडा चांगला आला म्हणून गोळी मनाने बंद करू नका.

आणि फिरून झाल्यावर रोज पोहे-जिलबी नको हो! इंदूरकराला हे सांगणं जिवावर येतं, पण शेवेतलं मीठही मोजायला हवं.

सत्तरी झाली की केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. मात्र ते दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. रोजच्या गोळ्या आपल्याच पेन्शनमधून येतात. त्यासाठी जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, विचारा.