वय कोणत्या तारखेपासून मोजायचे?

प्रश्न : ताई, माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. ती ३२व्या आठवड्यात जन्मली आणि पहिले तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. आता ती बुडावर बसून सरकते, दिवाण धरून उभी राहते, पण सुटे पाऊल टाकत नाही. जावेचा मुलगा १०व्या महिन्यात चालला. बोरन्हाणाला आलेल्या प्रत्येक बाईने ‘अजून चालत नाही?’ असे विचारले. सासूबाईंनी वॉकर आणला आहे. वाटी-चमचा ती सारखा खाली टाकते, त्यामुळे बुद्धीनेही मागे पडली की काय, अशी धास्ती वाटते. सातव्या महिन्यापर्यंत मी नोकरी केली, म्हणून हे झाले का?
– एक आई, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची काळजी त्याच्याच पोटात दडलेली दिसते. वेळेआधी प्रसूती होण्याची कारणे अनेक असतात आणि पुष्कळदा नेमके कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. तेव्हा रोजच्या नोकरीला जात होता एवढ्यावरून स्वतःला दोषी ठरवू नका.

आता हिशेबाकडे वळू. मूल आठ आठवडे आधी जन्मले असेल, तर त्याची वाढ पाहताना ते आठवडे वजा करायचे असतात आणि साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत हीच पद्धत ठेवायची असते. म्हणजे बोरन्हाणाच्या गर्दीत तुमची मुलगी १४ महिन्यांची असली, तरी विकासाच्या मोजपट्टीवर ती जेमतेम वर्षाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सुटे चालण्याचा काळ सुमारे ८ ते साडेसतरा महिने इतका लांबरुंद निघाला, आणि सुमारे ४ टक्के मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. बुडावर सरकणारी मुले बहुधा उशिरा चालतात आणि ही सवय कधीकधी घराण्यातच असते, तेव्हा तुमच्या यजमानांच्या लहानपणाविषयी सासूबाईंना एकदा विचारून पाहा.

वाटी-चमच्याबद्दल तर मी तुमचे अभिनंदनच करीन. वस्तू हातातून सुटली की कुठे जाते, आवाज कसा होतो, आई पुन्हा उचलून देते का, हे ती पुनःपुन्हा पडताळून पाहते आहे. जमिनीवरून चमचे उचलून तुमची कंबर मोडत असेल, पण हे बुद्धी चालत असल्याचेच लक्षण आहे. तिच्या देखत फडक्याखाली एखादे खेळणे लपवा. तिने फडके बाजूला सारून ते शोधले, तर दिसेनाशी झालेली वस्तूही असतेच, हे तिला उमगले आहे असे समजा.

वॉकर मात्र घरातून काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात बसलेल्या मुलाला स्वतःची पावले नीट दिसत नाहीत, ते चवड्यांनी जमीन रेटते, तोल सांभाळायला शिकत नाही, शिवाय क्षणात उंबऱ्याशी, जिन्याशी किंवा गरम चहाच्या कपाशी पोहोचते. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा, कारण त्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते. तुम्ही शेजारी असाल तर तो जरूर द्या, फक्त गुळगुळीत फरशीवर तो भलताच पळतो हे ध्यानात ठेवा. त्याहून सोपे म्हणजे अनवाणी पायांनी जमिनीवर भरपूर मोकळीक देणे आणि दिवाणाच्या कडेने आवडीची खेळणी हातभर अंतरावर मांडणे, म्हणजे ती धरून धरून आडवी पावले टाकू लागेल.

तरीही काही खुणा दिसल्यास वाट पाहत बसू नये. पाय फार ताठ किंवा फार लुळे वाटणे, सतत एकच हात किंवा एकच पाय वापरणे, उभे धरल्यावर पायांवर भार न घेणे, हाकेला प्रतिसाद न देणे, किंवा आधी येत असलेली गोष्ट येईनाशी होणे, यांपैकी काहीही आढळले तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. वजा करून मोजलेल्या वयाने १८ महिने होऊनही ती चालली नाही, तरीही जा. लवकर जन्मलेल्या मुलांच्या कानांची आणि डोळ्यांची तपासणी आवश्यक असते, ती राहिली असेल तर आताच करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडून विकासातील विलंबाची तपासणी मोफत होते आणि गरज भासल्यास ते पथक पुढील केंद्राकडे पाठवते.

पुढच्या लसीकरणाला जाताना सासूबाईंना बरोबर न्या आणि वॉकरचा प्रश्न डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा. सुनेने नाकारलेल्या वस्तूपेक्षा डॉक्टरांनी नाकारलेली वस्तू माळ्यावर लवकर जाते, असा माझा अनुभव आहे.