शंभरात चौदा

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला, सेमीत आहे. गणितात तिला कायम पैकीच्या पैकी. यंदा शाळेतल्या मॅडमनी तिला गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या परीक्षेला, आयओक्यूएमला बसवलं. पहाटेची एसटी धरून गेलो. 100 पैकी 14 पडले. तेव्हापासून पोरगी गणिताच्या वहीला हात लावत नाही. माझा भाऊ म्हणतो, लातूरला फाउंडेशनच्या शिकवणीला टाक, तिथंच होस्टेल आणि शाळा. त्यासाठी बचत गटाचं कर्ज काढावं लागेल. मॅडम म्हणतात, आपण शाळेतच पोरांसाठी गणिताची स्पर्धा सुरू करू. मला तर स्पर्धा म्हटलं की आता धडकीच भरते. पोरगी गणितात कच्ची हाय का हो सर? – एक आई, जि. परभणी

उत्तर :

ताई, पत्राला तुम्ही प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. मार्क मी नंतर पाहिले, आधी तिचा समास पाहिला. मॅडमनी उत्तरसूचीवरून बरोबर-चूकच्या खुणा केल्या आहेत, त्यावरून कळतं की चार उत्तरं बरोबर आली. दोन गुणांचे दोन प्रश्न आणि पाच गुणांचे दोन. म्हणजे सोप्या गटात अडखळलेली मुलगी सगळ्यात अवघड गटातले दोन प्रश्न सोडवून आली आहे. त्यातला एक मोजणीचा आहे. (मोजणी म्हणजे भूमापकाच्या साखळीची नव्हे, एखादी गोष्ट किती प्रकारे करता येते, ती मोजणी.) त्याच्याशेजारी तिने पेन्सिलीने आधी एकच वस्तू घेऊन पाहिली आहे, मग दोन, मग तीन, मग चार. चौथ्यानंतर एक गोल काढलाय आणि पुढे थेट उत्तर. हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. बहुधा कुणीच नाही.

या परीक्षेची रचना भावाला जरूर सांगा. तीन तास, 30 प्रश्न. दहा प्रश्न दोन गुणांचे, दहा तीनचे, दहा पाचचे. पर्याय दिलेले नसतात. उत्तर 00 ते 99 मधली एक संख्या असते आणि ती गोल काळे करून नोंदवायची. चार पर्यायांच्या पेपरात डोळे मिटून गोल रंगवले तरी चारातला एक लागतो. इथे तुक्का लागायची शक्यता शंभरात एक. त्यामुळे हे 14 गुण अख्खे तिचे आहेत. शिवाय ही परीक्षा अकरावी-बारावीची मुलंही देतात, तोच पेपर, तेवढ्याच वेळात. शाळेतले पैकीच्या पैकी आणि इथले चौदा हे एका तराजूत घालूच नका. शाळेचा पेपर विचारतो, शिकवलेलं आलं का. हा पेपर विचारतो, न शिकवलेल्याचं काय करशील.

सोप्या प्रश्नांत ती का अडली, तेही कागदावरच दिसतं. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नसतो. दोन ठिकाणी तिने शब्दाखाली रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलं आहे. मसावि-लसावि तिला झोपेतही येत असणार, पण परीक्षेच्या इंग्रजीतून तो समोर आला की ओळख पटत नाही. सेमीची मुलं पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी वाचतात, परीक्षेतलं लांबलचक वाक्य नाही. हे दुखणं दोन महिन्यांचं आहे. मॅडमनी जुन्या पेपरांतले तीसेक शब्द काढून दिले, तरी पुढच्या सप्टेंबरात फरक पडेल. पुढच्या वर्षी ती नववीतच असेल, आणखी दोन-तीन संधी आहेत.

आता लातूर. मी लातुरातच राहतो, ट्यूशन एरियातून रोज जातो-येतो, तेव्हा मला कुणी लातूरविरोधी म्हणू नये. अकरावी-बारावीला इथे येऊन घडलेली मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण आठवी-नववीच्या फाउंडेशनमध्ये बहुतेक ठिकाणी काय चालतं, तर अकरावीचा अभ्यासक्रम आधीच उरकणं. ऑलिंपियाडला तो फारसा लागत नाही. तिथे कॅल्क्युलस नसतं. बीजगणित, भूमिती, संख्यांचे गुणधर्म आणि मोजणी एवढ्यावर सगळा खेळ. आणि ज्या मुलीने स्वतःहून एक-दोन-तीन-चार करत वाट काढली, तिला आत्ताच सूत्रांची पुस्तिका हातात दिली तर ती वाट काढणं बंद करेल अशी मला भीती वाटते.

पैशाचंही बोलून टाकू, कारण ते भाऊ बोलणार नाही. ती आठवीला आहे, तिचा एनएमएमएसचा, म्हणजे आठवीतल्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेचा, फॉर्म शाळेने भरलाय का, हे उद्याच मॅडमना विचारा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं पाहिजे, तुमचं आहेच. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, चार वर्षांचे 48,000. पण ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्यांनाच मिळते. होस्टेलवाली विनाअनुदानित शाळा घेतलीत तर मिळालेलीही हातची जाईल. वर कर्ज. या वर्षी तरी बचत गटाच्या वहीला हात लावू नका.

मॅडमच्या स्पर्धेबद्दल मात्र मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे, ताई. स्पर्धा सुरू होऊ द्या. फक्त माझ्या दोन चुका मॅडमना सांगा, म्हणजे त्यांच्या वाचतील. मी शाळेत शिकवत होतो तेव्हा सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक कोडं लिहायचो. पहिल्या बरोबर उत्तराला पेन. तीन आठवडे एकाच मुलाने पेन नेले आणि चौथ्या आठवड्यात बाकीच्या वर्गाने फळ्याकडे बघणंही सोडलं. मग बक्षीस बंद केलं, पण उत्साहाच्या भरात मंगळवारीच उत्तर समजावून सांगायला लागलो. पोरं हुशार! त्यांनी ओळखलं की सोमवारी डोकं चालवण्यापेक्षा मंगळवारची वाट बघणं सोपं. शनिवारपर्यंत तोंड बंद ठेवायला शिकलो तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. बुधवारी-गुरुवारी मधल्या सुट्टीत पोरं भांडायला लागली, ‘‘तुझं चुकतंय, इथं बघ.’’ मला हवी होती ती स्पर्धा हीच.

तिघातिघांचे गट करा, त्यात एक तरी पाचवी-सहावीचा असू द्या. उत्तर किती, याला निम्मेच गुण. कसं काढलं, हे फळ्यासमोर उभं राहून सांगण्याला बाकीचे. चुकलेली पण डोकं लावलेली वाटही फळ्यावर आली पाहिजे. वर्गणी घेऊन प्रत्येक शाळेत डझनावारी पदकं वाटणाऱ्या परीक्षा असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तिथे पाठ्यपुस्तकातलेच प्रश्न जरा घाईत सोडवायचे असतात. 1894 साली हंगेरीत दानिएल अरान्य नावाच्या एका शाळामास्तराने मुलांसाठी गणिताचं मासिक काढलं. त्यातले प्रश्न मुलं घरी बसून, सवडीने सोडवायची आणि उत्तरं टपालाने पाठवायची. त्या एवढ्याशा देशातून पुढे जे गणिती निघाले, त्यांतल्या कित्येकांचं लहानपण या मासिकावर गेलं. घड्याळ लावल्याशिवाय स्पर्धा होत नाही, असं आपण उगाच धरून चाललोय.

पहिल्या आठवड्यासाठी कोडं मीच देतो. चिंचोके घ्या, आपल्याकडे त्याला तोटा नाही. 9 चिंचोक्यांच्या दोन ओळी लावता येतात, 4 आणि 5. तीन ओळीही येतात: 2, 3, 4. प्रत्येक ओळीत आधीच्यापेक्षा बरोबर एक जास्त, एवढीच अट, आणि ओळी किमान दोन. 15 तर तीन तऱ्हांनी लागतात: 7 आणि 8; 4, 5 आणि 6; किंवा 1 पासून 5 पर्यंत. आता 3 पासून 40 पर्यंत प्रत्येक संख्येचं करून बघायचं. पाचवीतलं पोरगं नुसती बेरीज करत बसेल आणि त्याला ते जमेल. काही संख्या मात्र काही केल्या लागत नाहीत. 4 लागत नाही, 8 लागत नाही. त्या कोणत्या, हे सहावीवाला शोधेल. का लागत नाहीत, यावर तुमची मुलगी आठवडाभर जेवताना गप्प बसेल. बसू द्या.

पुढे काय, हे भावाने विचारलंच तर एवढं सांगा. आयओक्यूएमनंतर विभागाची आरएमओ, मग राष्ट्रीय आयएनएमओ, मग शिबिर आणि देशाचा सहा जणांचा संघ. मुलींसाठी 2012 पासून वेगळी युरोपियन ऑलिंपियाड होते, तिला भारताच्या चार मुली जातात. यातलं काहीच नाही झालं तरी गणितातली वाट बंद होत नाही. बारावीनंतर भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा आहे, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची आहे. दोन्हीकडे असाच विचार करायला लावणारा पेपर असतो आणि दोन्हीबद्दल आपल्या भागात फार कमी जणांना माहिती असते. पण ती तेरा वर्षांची आहे. हे कागद कपाटात ठेवा, भिंतीवर चिकटवू नका.

वहीला हात लावत नाही म्हणालात. वही राहू द्या बाजूला. तिला म्हणावं, 17 झटकन लागतात, 8 आणि 9. सोळा चिंचोके मात्र लागणार नाहीत. का, ते मला पोस्टकार्डावर लिहून पाठव. पत्ता तुमच्याकडे आहेच. पोस्टकार्डावर मावलं नाही तर आंतरदेशीय घे.