वेळासला ग्रुपसोबत गेलं तर कासवाची पिल्लं नक्की दिसतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मार्चमध्ये एका ग्रुपसोबत रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या कासव महोत्सवाला जायचंय, सोबत आठ वर्षांचा मुलगा आहे, आयोजकाने दोन दिवसांचा भरगच्च कार्यक्रम पाठवलाय, पिल्लं नक्की दिसतील का, आणि नाही दिसली तर पैसे परत मागावेत का.

नक्की असं काही नसतं. पिल्लं वाळूतून वर आली तर दिसतात, नाहीतर घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली नुसती वाळू. पण तुमच्या कार्यक्रमात मला खटकलं ते वेगळंच. त्यात बाणकोट, फेरीबोट, हरिहरेश्वर यांना अख्खा शनिवार दिलाय आणि कासवांना मिळून अर्धा तास. मी अगदी असाच शनिवार काढून आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही चाळीसेक जण शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालो. ताम्हिणीच्या वळणांनी दोघांना आडवं केलं. पहाटे साडेपाचला गावात पोचलो, होमस्टेच्या ओटीवर सामान टाकलं आणि चहासुद्धा न घेता सुरूच्या बनातून किनारा गाठला. जाळीचं कुंपण, आत वाळूवर उपड्या घातलेल्या टोपल्या, प्रत्येकीपाशी छोटी पाटी: अंडी कोणत्या तारखेला आणली आणि किती.

ही अंडी ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची. मादी रात्री वर येते, मागच्या वल्ह्यांनी सुरईसारखा खड्डा खणते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि जाते ती जातेच. पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री उकरायची, नाहीतर माणसं उचलायची. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन इथं संरक्षणाचं काम सुरू केलं. आता गावातले कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, मादीचा माग सापडला की अंडी अलगद काढून कुंपणात तेवढ्याच खोल, तशाच आकाराच्या खड्ड्यात पुरतात. तिथून साधारण 45 ते 55 दिवस. वाळू किती तापते त्यावर दिवस पुढे-मागे होतात. पिल्लू नर की मादी हेही त्या उबेवरच ठरतं, वाळू जास्त गरम तर माद्या जास्त. तेव्हा आयोजक जी तारीख सांगतो ती हिशेबाने काढलेली असते, कासवाने दिलेली नसते.

सात वाजता कासवमित्राने पहिली टोपली उचलली. काही नाही. दुसरी, तिसरी, तसंच. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "अहो, एवढ्या लांबून आलोय, एक तरी दाखवा." तो म्हणाला, "माझ्या हातात असतं तर तुमच्या खोलीवर आणून दिली असती, काकू." मग त्याने एका घरट्याकडे बोट दाखवलं. मधली वाळू बशीएवढी खचली होती. "खाली गडबड सुरू आहे. संध्याकाळी, नाहीतर उद्या." तुम्ही गेलात की मुलाला हा खळगा आवर्जून दाखवा.

आता खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. ओहोटी होती, ओल्या वाळूवर बारक्या खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडली होती, बनावरून ब्राह्मणी घार चकरा मारत होती. पण कार्यक्रम म्हणजे कार्यक्रम. पोहे खाऊन बाणकोटचा किल्ला, मग वेसवीहून फेरीबोटीने बागमांडला, हरिहरेश्वरला दर्शनाची रांग, जेवणाची रांग. वेळास गावात नाना फडणवीसांचा पुतळा आहे, त्यांच्या भानू घराण्याचं मूळ गाव हेच. तो आम्ही बसच्या खिडकीतून पाहिला. परतताना जेट्टीवर शनिवारच्या गाड्यांची ही रांग! दोन फेऱ्या हुकल्या. आयोजक घड्याळाकडे न बघता "होईल, होईल" म्हणत होता.

पिल्लं सहाला सोडतात. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा साडेसहा व्हायला आले होते. खचलेल्या त्याच घरट्यातून सतरा पिल्लं निघाली होती आणि गेलीही होती. वाळूवर सुतळी ओढत नेल्यासारख्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या, त्यातल्या खालच्या अर्ध्या लाटेने पुसलेल्या. काकू कुणाशी काही न बोलता तिथंच बसून राहिल्या.

रात्रीचं जेवण मात्र फर्स्ट क्लास. केळीच्या पानावर भात, आमटी, उकडीचे मोदक. वाढता वाढता घरच्या काकांनी सांगितलं, की जानेवारी 2022 मध्ये इथल्याच एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवला होता, तिचं नाव प्रथमा. ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी 2025 मध्ये थेट गुहागरला अंडी घालायला आली, हेही त्यांच्याकडूनच कळलं. गप्पा रंगात आल्या आणि आयोजकाने शेकोटी-अंताक्षरीची हाक दिली. मी गेलो नाही.

रविवारी सकाळी टोपली उचलली आणि खाली नऊ पिल्लं. काळपट राखाडी, काडेपेटीपेक्षा थोडी लहान, पाठीवर वाळू चिकटलेली. त्यांना पाण्यापासून काही पावलं अलीकडेच ठेवतात, तेवढं त्यांचं त्यांनी चालायचं. दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही, कारण आपल्या पावलाचा खड्डा म्हणजे त्यांच्यासाठी विहीर. पडलं की चढता चढता दम संपतो. एक पिल्लू सगळ्यांत पुढे गेलं, लाटेने त्याला उलटं करून आम्ही उभे होतो तिथवर परत आणलं. पाय हवेत. पुढच्या पाण्याने सुलटं झालं, क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू पडलं. तीन वेळा असं झालं. चौथ्यांदा फेस ओसरला तेव्हा ते तिथं नव्हतं. काकू माझ्या शेजारीच होत्या, त्यांनी मोबाइल वरच काढला नाही.

तेव्हा तुम्ही असं करा. आयोजकाला सांगा, शनिवारी दुपारी तीनच्या आत खाडी ओलांडून वेळासला परत यायचं. ऐकत नसेल तर सरळ सांगून ग्रुपमधून बाजूला व्हा आणि गावातच राहा, मुलाचं काही बिघडत नाही. दोन सकाळी आणि एक संध्याकाळ, अशा तीन संधी हातात ठेवा. निघण्याच्या आदल्या दिवशी होमस्टेवाल्यांना फोन करून कोणत्या घरट्यांचे दिवस भरत आले आहेत ते विचारा. जमलं तर शनिवार-रविवार टाळा, गर्दीत लहान मुलांना नुसत्या पाठी दिसतात. फ्लॅश बंद ठेवा. रोख पैसे जवळ असू द्या.

राहिलं पैसे परत मागायचं. पिल्लं न दिसल्याबद्दल मागू नका, त्यात आयोजक काय करणार? पण त्याच्या कार्यक्रमामुळे संध्याकाळ हुकली तर जरूर मागा. माझ्याच्याने झालं नाही, बायकोने मागितले. माणशी दोनशे परत आले, वर परतीच्या वाटेवर माणगावला सगळ्या बसला चहा.