रेडिओलॉजी घ्यावी की स्त्रीरोग?

प्रश्न: मुलगी एमबीबीएस झाली. नीट पीजीच्या गुणांवर रेडिओलॉजी मिळू शकते, पण तिला स्त्रीरोग हवंय. पैसा, नोकरीची शाश्वती आणि घरसंसार बघता काय घ्यावं? – एक वडील, कळवा

उत्तर: मी भूलतज्ज्ञ आहे. नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंतच्या नर्सिंग होममध्ये केसप्रमाणे जाते, त्यामुळे दोन्हीकडच्या डॉक्टरांचं आयुष्य जवळून दिसतं. रेडिओलॉजिस्टला पास होताच चांगल्या पगाराची नोकरी मिळते, सीटी-एमआरआयचे रिपोर्ट घरी बसूनही करता येतात. स्वतःचं सेंटर म्हणजे मात्र मशीनचं कर्ज, शिवाय गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद करणारा एफ फॉर्म. त्यातली चूकही महागात पडते.

स्त्रीरोगात सुरुवातीचा पगार बेताचा, जम बसायला वर्षं जातात. पण एकदा विश्वास बसला की जावा-नणंदा, पुढे त्यांच्या मुलीसुद्धा त्याच डॉक्टरकडे येतात. ही शाश्वती कुठल्या नेमणूकपत्रात नसते. किंमत झोपेची. रात्री दोनला बाळाचे ठोके मंदावले की स्त्रीरोगतज्ज्ञ, मी आणि बालरोगतज्ज्ञ, तिघंही धावत पोचतो. टाके घालून झाले की सकाळची ओपीडी असतेच.

तुमच्या मुलीने इंटर्नशिपमध्ये लेबर रूमच्या रात्री काढल्या आहेत. त्यानंतरही तिला हेच हवं असेल, तर मी तिच्या बाजूने. फक्त सुरुवातीला एकटीने नर्सिंग होम थाटू नये. दोघी-तिघींनी मिळून रात्री वाटून घ्याव्यात. आणि पसंतीक्रम भरण्याआधी बाँडच्या, म्हणजे प्रवेश घेताना लिहून द्यायच्या हमीपत्राच्या, अटी नीट वाचा. सीट मध्येच सोडली तर दंड भरावा लागू शकतो.